ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो एवढी महाग का, आणि घरात आलेल्या बाटलीचं करायचं काय

प्रश्न पुण्यातल्या एका बाईंचा आहे. इटलीत शिकणाऱ्या मुलीने आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी बियोंदी-सांती या वाइनरीची २०१६ सालची ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो आणली. किंमत कळल्यावर बाईंना धसका बसला. एवढे पैसे नेमके कशाचे? ही वाइन याच घराण्याने 'शोधली' म्हणतात, ते खरं का? एका परिचितांनी 'ती फिकी असते, पैसे वाया' असं सांगितलं, त्यात तथ्य किती? बाटली ठेवून द्यावी की उघडावी? मटणाबरोबर चालेल का?

मी नाशिक भागात आधी द्राक्षबागेत आणि मग वाइनरीच्या तळघरात काम केलं आहे, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो. थोडक्यात हवं असेल तर असं: पैसे मुख्यतः वेळेचे आहेत. घराण्याने वाइन शोधली हे अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे. फिकी असते हे बरोबर, पण तो दोष नाही. घरात वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर बाटली याच हिवाळ्यात उघडा. मटण चालेल, तांबडा रस्सा नाही. आता सविस्तर.

मोंताल्चिनो हे तोस्काना प्रांतात सिएनाच्या दक्षिणेला, साधारण ४० किलोमीटरवर, ५६४ मीटर उंचीच्या टेकडीवर वसलेलं तटबंदीचं गाव. सोळाव्या शतकात फ्लोरेन्सने सिएना जिंकलं तेव्हा तिथले प्रजासत्ताकवादी पळून याच गावात आले आणि १५५५ ते १५५९ अशी चार वर्षं त्यांनी इथूनच आपलं राज्य चालवलं. हट्टी लोकांचं गाव म्हणायला हरकत नाही, आणि पुढची सगळी गोष्ट त्या हट्टाचीच आहे. ओम्ब्रोने, ओर्चा आणि आस्सो या नद्यांनी वेढलेला हा चौकोनी मुलूख. दक्षिणेला १,७३८ मीटरचा माँते आमियाता हा जुना ज्वालामुखी उभा आहे, तो वादळं आणि गारा बऱ्यापैकी अडवतो. नदीकाठी शंभरसव्वाशे मीटरवर बागा आहेत, तशा वर पाचशे मीटरवरही आहेत. खालच्या बागेतलं द्राक्ष लवकर आणि भरभरून पिकतं, वरच्या बागेतलं सावकाश आणि आंबटपणा राखून. बियोंदी-सांतींची तेनुता ग्रेप्पो ही वाडी वरच्या, थंड भागातली. त्यांची वाइन चाखताना हे विसरून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत या गावाचं नाव होतं ते गोड पांढऱ्या मोस्कादेल्लोसाठी. तांबडी वाइन होती, पण ती रोजच्या जेवणाबरोबर प्यायची. शेजारच्या क्यांतीतही तोच प्रघात होता. सांजोवेझे हे मुख्य द्राक्ष, त्यात कानायोलो, आणि वर चक्क पांढरं माल्वाझियासुद्धा मिसळायचं. इटलीचे पंतप्रधान राहिलेले बेत्तिनो रिकासोली यांनी ब्रोलियोच्या आपल्या किल्ल्यावर यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. १८७२ सालच्या त्यांच्या पत्रात या मिश्रणाचा हिशेब आहे. त्यांनी सांगितलेला मुद्दा लोक अनेकदा विसरतात: पांढरं द्राक्ष घालायचं ते लवकर प्यायच्या वाइनमध्ये, टिकवायच्या वाइनमध्ये ते टाळलेलं बरं. शिवाय 'गोव्हेर्नो' नावाची एक रीत होती. थोडी द्राक्षं बाजूला वाळवून ठेवायची आणि वाइन तयार होत आली की तिच्यात टाकायची. त्यामुळे पुन्हा थोडं आंबणं सुरू होतं, वाइनला गुबगुबीतपणा येतो आणि ती लवकर पिण्याजोगी होते. शेतकऱ्याच्या हातात लवकर पैसा पडतो, हे त्यामागचं खरं कारण.

या पार्श्वभूमीवर मोंताल्चिनोत क्लेमेंते सांती नावाचे औषधशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणारे गृहस्थ ग्रेप्पोच्या जमिनीवर वेगळं काही करत होते. १८६९ साली एका शेती प्रदर्शनात त्यांच्या १८६५च्या 'निवडक तांबड्या वाइन'ला पदकं मिळाली आणि त्या नोंदीत कंसात 'ब्रुनेल्लो' असं लिहिलेलं आहे. म्हणजे १८८८ हे जे 'जन्मसाल' सगळीकडे छापतात, त्याच्या बरंच आधी ही वाइन होती. आणि ती फक्त सांतींकडेच नव्हती. १८७०च्या सिएनाच्या प्रदर्शनात तितो कोस्तांती यांनीही ब्रुनेल्लो नावाने वाइन मांडली होती. गावातल्या चारदोन शिकलेल्या जमीनदारांना एकाच वेळी सुचलेली ही गोष्ट आहे. एकाच माणसाच्या डोक्यात एका रात्री वीज चमकली वगैरे जाहिरातीत ठीक.

त्या काळी गावात असा समज होता की ब्रुनेल्लो ही द्राक्षाची वेगळीच जात आहे. सिएना जिल्ह्याच्या द्राक्षजाती तपासणाऱ्या समितीने काही वर्षं पाहणी करून १८७९च्या सुमारास निकाल दिला, की हे सांजोवेझेच. म्हणून आज ब्रुनेल्लो हे वाइनचं नाव आहे, द्राक्षाचं नाही.

मग बियोंदी-सांतींचं श्रेय कुठे? ते फेर्रूच्चोपासून सुरू होतं. क्लेमेंते यांची मुलगी कातेरिना हिचं लग्न फ्लोरेन्सच्या याकोपो बियोंदी या डॉक्टरांशी झालं, त्यांचा हा मुलगा. आईकडची आणि वडिलांकडची अशी दोन्ही आडनावं जोडली गेली ती त्याच्या वेळी. तरुणपणी १८६६ साली तो गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांबरोबर बेत्सेक्काला ऑस्ट्रियाविरुद्ध लढला आणि परत येऊन आजोबांच्या बागेत उतरला. तो काळ युरोपातल्या बागाइतदारांसाठी भयंकर होता. आधी भुरी हा बुरशीचा रोग आला. आपल्याकडे भुरी म्हणजे गंधकाची एक फवारणी वाढली असं होतं, तिथे ती पहिल्यांदा आली तेव्हा उपायच माहीत नव्हता. मग फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली आणि तिने खंडभरातल्या बागा संपवल्या. त्यावर उपाय म्हणजे अमेरिकन खुंटावर, म्हणजे या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या मुळांवर, कलम. नाशिक-सांगलीचे शेतकरी डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात ते पाण्याचा ताण आणि क्षार सोसावेत म्हणून. युरोपात खुंट आले ते या किडीपायी.

बागा नव्याने लावायच्याच आहेत, तर मग कुठल्या वेलीच्या काड्या घ्यायच्या? फेर्रूच्चोने इथे निवड केली. स्वतःच्या बागेतल्या सांजोवेझेच्या वेलींतून त्याला ज्या उत्तम वाटल्या त्यांच्याच काड्या वाढवल्या. कानायोलो नाही, पांढरं द्राक्ष नाही, फक्त सांजोवेझे. गोव्हेर्नो बंद. उत्पादन कमी. आणि वाइन मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायची. सगळा प्रदेश लवकर विकायच्या वाइनच्या मागे असताना हा माणूस उशिरा विकायची वाइन करत होता. १८८८ आणि १८९१ या दोन सालांच्या त्याच्या काही बाटल्या शतक उलटून गेल्यावरही ग्रेप्पोच्या तळघरात होत्या. माझ्या मते वाइन 'शोधणं' हा फेर्रूच्चोचा पराक्रम नव्हे. चार जण जे अधूनमधून करत होते त्याचा त्याने नियम केला, हे त्याचं काम. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत सरकारी नोंदीत ब्रुनेल्लोचा व्यापारी उत्पादक म्हणून हे एकच घराणं दिसतं, आणि तोवर त्यांनी जाहीर केलेली सालं होती चार: १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५. सत्तावन्न वर्षांत चार! आजच्या कुठल्याही विक्री व्यवस्थापकाला हे सांगून बघा.

फेर्रूच्चोचा मुलगा तांक्रेदी हा शिकलेला वाइनतज्ज्ञ. महायुद्धात आघाडी सरकत मोंताल्चिनोपर्यंत आली तेव्हा त्याने जुन्या बाटल्या तळघराच्या एका कोपऱ्यात रचल्या आणि पुढे भिंत बांधून टाकली. येणाजाणाऱ्या सैनिकांच्या हाती तळघरातली वाइन लागली तर काय होतं, ते सांगायला नको. ती भिंत नसती तर आज 'ब्रुनेल्लो शंभर वर्षं टिकते' या दाव्याला पुरावा उरला नसता. जुन्या बाटल्यांतली वाइन बुचातून हळूहळू उडते आणि पातळी उतरते, म्हणून त्या उघडून त्याच सालच्या वाइनने भरून पुन्हा बूच मारायची प्रथाही त्यानेच सुरू केली. पुढे हे काम ग्राहकांच्या जुन्या बाटल्यांसाठीही होऊ लागलं.

१९६६ साली ब्रुनेल्लोला सरकारी नियमावली मिळाली, तिच्यावर तांक्रेदीच्या विचारांचा ठसा आहे. सांजोवेझे शंभर टक्के, यात तडजोड नाही. तीन वर्षांनी लंडनच्या इटालियन दूतावासात राष्ट्राध्यक्ष साराघात यांनी राणी एलिझाबेथ यांना मेजवानी दिली. तिथे १९५५ची बियोंदी-सांती रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली ब्रुनेल्लो, वाढली गेली आणि इटलीबाहेरच्या पत्रकारांना हे नाव पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

गावाची परिस्थिती मात्र तेव्हा हलाखीची होती. अर्धेलीने शेती करायची जुनी पद्धत मोडत होती, माणसं शहरांकडे जात होती. त्यात १९६४ साली मिलान ते नेपल्स महामार्ग पूर्ण झाला आणि जुन्या व्हिया कास्सियावरची रहदारीच आटली. तो रस्ता मोंताल्चिनोच्या पायथ्यावरून जातो, गावातल्या धंद्याचा तोच आधार होता. नियमावली आली तेव्हा ब्रुनेल्लोच्या नोंदलेल्या बागा जेमतेम ७५-८० हेक्टर होत्या. आज २,०००हून अधिक आहेत. मधल्या काळातला सर्वांत मोठा धक्का अमेरिकेतून आला. न्यूयॉर्कच्या मारियानी बंधूंनी लाम्ब्रुस्को ही स्वस्त, फसफसणारी वाइन अमेरिकेत विकून प्रचंड पैसा केला होता. त्यांनी १९७८ पासून मोंताल्चिनोच्या दक्षिण भागात जमीन घेऊन बानफी ही अवाढव्य वाइनरी उभारली. त्यांनी बाजार तयार केला आणि त्या बाजारावर गावातले लहान शेतकरीही तरले, हे मान्य केलंच पाहिजे. १९८० साली ब्रुनेल्लोला इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला, तो पहिल्यांदा मिळालेल्या मोजक्या वाइनमध्ये ती होती.

पैसा आला की मोह येतो. १९८० आणि ९०च्या दशकांत अमेरिकन समीक्षकांना गडद, जाड, नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास असलेली वाइन आवडत होती. मोंताल्चिनोतल्या अनेकांनी मोठी जुनी पिंपं बाजूला सारून २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं आणली. ग्रेप्पोत तेव्हा तांक्रेदीचा मुलगा फ्रांको होता (१९२२-२०१३). तो बदलला नाही. स्लाव्होनियाच्या ओकची हजारो लिटरची पिंपं, थंड टेकडीवरची बाग, आंबट आणि तुरट वाइन, तिला वीस वर्षं द्या. फ्लोरेन्स विद्यापीठाबरोबर त्याने आपल्या बागेतल्या वेलींचा अभ्यास करवून घेतला आणि निवडलेल्या वेलीची 'बीबीएस ११' या नावाने नोंद झाली. घराण्याच्या नावाने नोंदलेली वेल ही दुर्मीळ गोष्ट आहे. गंमत अशी की ज्या अमेरिकन वाइन स्पेक्टेटर मासिकाच्या गुणांसाठी बाकीचे धावत होते, त्याच मासिकाने १९९९ साली शतकातल्या बारा वाइन निवडल्या आणि त्यात इटलीची एकच होती: बियोंदी-सांती रिझेर्व्हा १९५५.

२००८ साली फटाका फुटला. काही उत्पादक ब्रुनेल्लोत मेर्लोसारखी दुसरी द्राक्षं मिसळतात या संशयावरून सिएनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली, लाखो बाटल्या अडकल्या, अमेरिकेने शुद्धतेच्या प्रमाणपत्राचा आग्रह धरला. बियोंदी-सांतींचं नाव त्यात नव्हतं. त्याच वर्षी उत्पादकांनी मतदान केलं आणि शंभर टक्के सांजोवेझेचा नियम जबरदस्त बहुमताने राखला. २०११ मध्ये त्याच द्राक्षाच्या पण लवकर विकायच्या धाकट्या रोस्सो दि मोंताल्चिनोत तरी दुसरं द्राक्ष घालू द्या, असा प्रस्ताव आला, तोही पडला. मला यात फ्रांकोचा विजय दिसतो. म्हातारा एकटा पडलाय असं ज्याच्याबद्दल बोललं जायचं, त्याच्याच बाजूने गाव उभं राहिलं.

२०१६च्या अखेरीस वाइनरीचा मोठा हिस्सा फ्रान्सच्या ईपीआय गटाकडे गेला. पायपर-हाइडसिक आणि चार्ल्स हाइडसिक ही शँपेन घराणी त्यांच्याकडेच आहेत. तुमची बाटली ज्या हंगामाची आहे त्याच्या पाठोपाठचा हा बदल. मुख्य पद्धत मात्र तीच आहे.

आता किमतीचा हिशेब. नियमाप्रमाणे हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्ष घेता येतं, म्हणजे एकरी सव्वातीन टन. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकूनच झोप येणार नाही. त्यानंतर वाइन किमान दोन वर्षं लाकडात आणि काही महिने बाटलीत हवी. ती बाजारात कधी आणायची तर कापणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीच्या आत नाहीच. रिझेर्व्हा असेल तर आणखी एक वर्ष. २०१६चं पीक विकायला मोकळं झालं जानेवारी २०२१ मध्ये. तोवर २०१६, १७, १८, १९ आणि २० अशी पाच पिकं तळघरात पडून. मजुरी, लाकूड, वीज, कर्जावरचं व्याज चालूच. इकडे आमच्याकडे फेब्रुवारीत तोडलेल्या शेनॉं ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची बाटली पावसाळ्यात दुकानात असते.

जोखीमही तेवढीच मोठी. डिसेंबर २०१२ मध्ये मोंताल्चिनोच्या काझे बास्से या वाइनरीत रात्री कुणीतरी शिरून पिंपांच्या तोट्या उघडल्या आणि २००७ ते २०१२ अशा सहा हंगामांची ६२,६०० लिटर वाइन गटारात वाहून गेली. वाइन अशी वर्षानुवर्षं साठवणाऱ्याच्या डोक्यावर एका रात्रीत सगळं जाण्याची टांगती तलवार कायम असते. अर्थात किमतीत नावाचा भागही आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याच गावात नियम तेच पाळणारी चांगली ब्रुनेल्लो याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते. आणि ही वाइन भारतात घेतली असती तर १५० टक्के आयात शुल्काची परंपरा आणि वर राज्याचा कर मिळून आकडा आणखी फुगला असता. मुलीने तिथून आणली ते शहाणपणाचं केलं.

फिकेपणाचं म्हणाल तर सांजोवेझेच्या सालीत मुळातच रंग कमी आणि तोही फारसा टिकाऊ नाही. त्याच्या रंगद्रव्यांची ठेवण मेर्लो किंवा काबेर्नेपेक्षा इतकी वेगळी आहे की प्रयोगशाळेत त्यावरून भेसळीचा संशय घेता येतो. म्हणून जुन्या वळणाची ब्रुनेल्लो पेल्यात ओतली की पलीकडची बोटं दिसतात आणि कडेला विटकरी छटा असते. उलट एखादी ब्रुनेल्लो शाईसारखी काळी दिसली तर मी भुवया उंचावतो. वास आंबट चेरीचा, वाळलेल्या पानांचा, काळ्या चहाचा, कधी कातड्याचा. तोंडात पहिल्यांदा आंबटपणा जाणवतो, मग तुरटपणा हिरड्यांना धरतो. कोकमाचं आगळ आवडणाऱ्या माणसाला ही वाइन समजायला सोपी जाते, असा माझा अनुभव आहे. गोडसर, मऊ तांबड्या वाइनची सवय असलेल्याला ती पहिल्या घोटात रोडकी वाटेल. तुमच्या परिचितांचं तेच झालं असावं. याच आंबटपणा-तुरटपणाच्या जोरावर ती वर्षानुवर्षं टिकते.

सांजोवेझे महाराष्ट्रातही आहे, हे अनेकांना माहीत नसतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या मोहिते-पाटील आणि दिल्लीच्या सेखरी बंधूंनी तोस्कानाच्या सेच्ची बंधूंना भागीदार घेऊन फ्रातेल्ली ही वाइनरी काढली आणि तिथलेच पिएरो मासी वाइनतज्ज्ञ म्हणून आले. त्यांच्या 'सेत्ते' या वाइनमध्ये काबेर्ने सोव्हिन्यांबरोबर सांजोवेझे असतं, शिवाय ते एकटंही बाटलीत मिळतं. पण अकलूजची वाइन चाखून ब्रुनेल्लोचा अंदाज बांधू नका, आणि यात अकलूजचा काही कमीपणा नाही. मोंताल्चिनोत वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच होते आणि द्राक्ष सप्टेंबरात पिकतं ते थंडीकडे सरकत. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष पिकतं ते उन्हाळ्याकडे सरकत. शेवटच्या पंधरवड्यात तिथे रात्री गार होत जातात आणि आम्ल टिकतं. इथे पारा चढत जातो, साखर भराभर वाढते, आम्ल घसरतं आणि सालीतला तुरटपणा पिकायला हवा तेवढा वेळच मिळत नाही. तोडणीची तारीख दोन दिवस चुकली तर वाइन बदलते. अशा हवामानात दहा-वीस वर्षं ठेवायची वाइन करणं फार अवघड. म्हणून आपल्याकडे ताजं, फळांच्या चवीचं, लवकर प्यायचं सांजोवेझे करतात, तेच योग्य.

आता तुमच्या बाटलीकडे वळू. २०१६ हे मोंताल्चिनोत उत्तम साल मानलं जातं. १२ ते १४ अंशांच्या अंधाऱ्या तळघरात ती वीस वर्षं सहज जाईल. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ती जाणार नाही. माळ्यावर ठेवलीत तर एका एप्रिल-मे महिन्यात तिचा मुरंबा होईल, आणि दिवाणखान्यातल्या दिवे लावलेल्या शोकेसमध्ये ट्रॉफीसारखी उभी केलीत तर प्रकाश, उष्णता आणि सुकणारं बूच असे तिन्ही शत्रू एकदम गाठतील. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर काही आठवडे घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी ठेवा. दारात नको, तिथे दिवसभर धक्के बसतात. वर्षभर मात्र तिथेही ठेवू नका. तिथली हवा कोरडी असते आणि बुचाला भाजीपाल्याचा वास लागू शकतो. डिसेंबर-जानेवारीत उघडून मोकळे व्हा. लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात असेल तर तो जानेवारीत साजरा करा.

उघडायची रीत फ्रांको बियोंदी-सांती सांगायचे ती मला पटते. जुन्या रिझेर्व्हा ते आठ तास आधी उघडायला सांगत. दुसऱ्या भांड्यात ओतायची नाही, फक्त मानेतली थोडी वाइन काढून टाकायची, म्हणजे खालच्या रुंद भागात हवेचा संबंध वाढतो, आणि मग तशीच ठेवायची. तुमची बाटली तरुण आहे, सकाळी उघडून रात्री प्यायली तर उत्तम. बूच काढल्यावर अर्धा पेला ओतून घ्या आणि तो तिथल्या तिथे चाखा. रात्रीच्या चवीशी तुलना केलीत तर अर्ध्या शंका आपोआप फिटतील. दिवसभर ती फ्रिजमध्येच, वर सैल बूच लावून ठेवा आणि जेवणाआधी पाऊण तास बाहेर काढा. लेबलावर 'रूम टेम्परेचर' वाचून ३० अंशांच्या खोलीतली वाइन ओतू नका, नुसती दारू नाकात जाते. ती १८ अंशांवर प्यायची, म्हणजे बाटलीला हात लावल्यावर स्पष्ट गार लागली पाहिजे. पेला मोठा घ्या, एक तृतीयांशच भरा. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, शेवटचा घोट सोडून द्या.

मटणाबद्दल. मोंताल्चिनोत ही वाइन निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाबरोबर, रानडुकराच्या रश्श्यात घोळवलेल्या पिची नावाच्या जाड हातवळणीच्या शेवयांबरोबर, नाहीतर पिएन्साच्या मेंढीच्या दुधाच्या मुरलेल्या चीजबरोबर पितात. मांसाची चरबी आणि प्रथिनं तुरटपणाला सामावून घेतात, म्हणून मटण मुळात योग्यच. अडचण तिखटाची. मिरचीमुळे तुरटपणा आणि दारूचा जळजळाट दोन्ही दुप्पट जाणवतात, आणि चिंच किंवा जास्त टोमॅटो असेल तर आंबटावर आंबट होतं. तांबड्या रश्श्याबरोबर ही बाटली म्हणजे पैसे रश्श्यात ओतणं. त्याच्याबरोबर गार बिअर प्या, मजेत जाईल. या बाटलीसाठी मटण सुकं करा: आलं-लसूण, भाजलेला कांदा, काळी मिरी, थोडा गरम मसाला, वर तूप. सुकं खोबरं चालेल, ओला नारळ बेताने. शाकाहारी असाल तर लोण्यात खरपूस परतलेल्या अळंब्या आणि बरोबर एखादं मुरलेलं कडक चीज. पुरणपोळी किंवा बासुंदीबरोबर अजिबात नको, गोडापुढे ही वाइन कडवट लागते.

मुलगी पुन्हा येणार असेल तर तिला सांगा, पुढच्या वेळी रोस्सो दि मोंताल्चिनो घेऊन ये. त्याच गावचं, त्याच द्राक्षाचं, पण कापणीच्या पुढच्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून विकता येणारं. १९८४ पासून त्याला वेगळा दर्जा आहे. बियोंदी-सांतीही तरुण वेलींच्या द्राक्षांतून ते करतात. ब्रुनेल्लोपेक्षा बरंच स्वस्त, लगेच पिण्याजोगं, आणि आपल्या जेवणाशी जास्त जुळवून घेणारं. विमानतळावर एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही, म्हणजे ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त. हातातल्या बॅगेत त्या नेऊ देत नाहीत. मोठ्या सुटकेसमध्ये मध्यभागी, जीन्समध्ये गुंडाळून, प्रत्येक बाटली वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणायच्या.